जनुके तीच, कारभार वेगळा

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. यंदाच्या विषयाचे निमित्त जमाखर्चातूनच मिळाले. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या भगिनींना दिला जाणारा दूध, अंडे व पालेभाजीचा आहार आणि त्यांच्या रक्ताच्या तपासण्या यांवरील खर्च हे असे खाते आहे, की ज्याच्या नावे बाजूला दरमहा आकडे पडतात आणि जमा बाजू कोरी राहते. सोनोग्राफीचे यंत्र घेतले तर त्यावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते. पोटातल्या बाळापर्यंत पोहोचलेल्या दुधावर पाटी कोठे लावावी? या खर्चातून नेमके काय साधते, अशी पृच्छा विश्वस्त मंडळाच्या बैठकीत झाली आणि ती रास्तच होती.

दुसरा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांकडून येतो, किंबहुना तो प्रश्न म्हणून येतच नाही, निर्वाळा म्हणून येतो. मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे निदान झाले, की “हे आमच्या घराण्यातच आहे हो,” असे म्हणून मंडळी निःश्वास टाकतात. बाळ कमी वजनाचे निपजले, की घराण्याचा हाच हिशेब उलट बाजूने मांडला जातो आणि दोष सुनेच्या माहेराकडे जातो. सटवाई सहाव्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहून जाते, तसा आईवडिलांकडून आलेला जनुकांचा लेख अटळ आहे, अशी समजूत या दोन्ही उद्गारांच्या मुळाशी आहे. वरील दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शास्त्रात सापडते. त्या शास्त्राचे नाव एपिजेनेटिक्स. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने आमच्या पॅथॉलॉजी विभागातील डॉक्टरांनी हा विषय समजावून देताना दप्तराच्या आणि हिशेबाच्या भाषेचा आधार घेतला. तोच येथे घेतला आहे.

रुमालात बांधलेले दप्तर

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांत डीएनएचा सुमारे दोन मीटर लांबीचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या प्रत्येक संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असून प्रथिने घडविण्याच्या कृती सांगणारी जनुके साधारण २०,००० आहेत. ही अक्षरे वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि त्या वेळी सुटून गेलेले अवघड भाग २०२२ मध्ये वाचून झाले. तथापि सर्व अक्षरे हाती आल्यावरही एक साधा प्रश्न उरतोच. यकृताची पेशी आणि डोळ्याच्या पडद्याची पेशी यांच्याजवळ तोच लेख आहे, मग त्यांची कामे इतकी भिन्न कशी? इन्शुलिनचे जनुक पायाच्या कातडीतही असते. इन्शुलिन मात्र स्वादुपिंडातील ठरावीक पेशीच तयार करतात.

पुण्याच्या पेशवे दप्तरातील जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल सोडल्याखेरीज आतला कागद वाचता येत नाही आणि अभ्यासकही सगळे रुमाल एकदम सोडून बसत नाही. पेशीचे काम असेच चालते. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोन मिळून एक मणी होतो आणि त्याभोवती धाग्याचे पावणेदोनच्या आसपास वेढे, म्हणजे अक्षरांच्या सुमारे १४७ जोड्या बसतात. असे लक्षावधी मणी एकाशेजारी एक असतात. या हिस्टोनांच्या शेपट्यांना ॲसिटिल नावाचा रासायनिक गट जोडला गेला, की गुंडाळी सैल होते व तेथील जनुक वाचता येते. तो गट काढला, की गाठ पुन्हा आवळली जाते. अमेरिकेतील व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच ही दिशा दाखवून दिली होती.

दुसरी खूण थेट डीएनएच्या अक्षरावर बसते. डीएनएची चार अक्षरे ए, टी, जी आणि सी. ज्या ठिकाणी सीच्या पाठोपाठ जी येते, तेथील सीवर मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढीच चिमुकली वस्तू, चिकटवली जाऊ शकते. मानवी जनुकसंचात अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. एखाद्या जनुकाच्या आरंभी हे मिथिल गट दाटीने बसले, की ते जनुक बहुधा मूक होते. बँकेने खाते गोठवल्यावर शिलकीतला एक पैसाही कमी होत नाही, पण व्यवहार मात्र थांबतो, तसेच हे आहे. जनुकाचे अक्षर यत्किंचितही बदललेले नसते.

एपिजेनेटिक्स या शब्दातील ‘एपि’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘वर’. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये हा शब्द रूढ केला, त्या वेळी डीएनएची रचनाही उलगडलेली नव्हती. पुढे १९७५ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांतून असा विचार मांडला गेला, की पेशीचे विभाजन होताना मिथिल खुणांचीही नक्कल होत असावी, आणि तसेच आढळून आले. धाग्याची नवी प्रत तयार होते तेव्हा जुन्या धाग्यावर खुणा असतात, नव्यावर नसतात. एक विकर ही अर्धवट जागा हुडकून नव्या धाग्यावर तशीच खूण करतो. हिशेबनीस ज्याला ‘मागील पानावरून पुढे’ म्हणतात, तोच हा प्रकार. म्हणूनच यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी होते, आणि म्हणूनच गर्भावस्थेत पडलेली एखादी खूण साठ वर्षांनंतरही सापडू शकते.

मधमाशीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते आणि ते देण्याजोगेच आहे. राणी माशी व कामकरी माशी यांच्या जनुकांत जातिभेद नसतो. पहिले काही दिवस सर्वच अळ्यांना रॉयल जेली मिळते. नंतर कामकरी होणाऱ्या अळीचा आहार मध व परागकणांकडे वळतो, राणी होणारीला मात्र रॉयल जेलीच मिळत राहते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील संशोधकांनी २००८ मध्ये अळ्यांमधील मिथिल गट चिकटवणारे एक विकर बंद पाडले, तेव्हा राणीचा आहार न देताही बहुतेक अळ्यांपासून राणीसारख्या, पूर्ण वाढलेली अंडाशये असलेल्या माश्या निपजल्या. आहाराने जे घडत होते, तेच केवळ खुणा आवरल्याने घडले.

माणसांविषयी बोलायचे तर एकसारखी जुळी भावंडे पाहावीत. स्पेनमधील संशोधकांनी २००५ मध्ये जुळ्यांच्या ४० जोड्या तपासल्या. बालवयातील जुळ्यांच्या खुणा जवळजवळ सारख्या होत्या. पन्नाशीतील जुळ्यांच्या खुणांत स्पष्ट अंतर पडले होते, आणि जी जुळी अधिक काळ एकमेकांपासून दूर राहिली त्यांच्यात ते अधिक होते.

हॉलंडचा उपासमारीचा हिवाळा

ही गोष्ट युद्धाची आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याच्या मदतीसाठी हॉलंडच्या लंडनस्थित निर्वासित सरकारने रेल्वे कामगारांना संपाचे आवाहन केले. प्रत्युत्तरादाखल जर्मन लष्कराने देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारे धान्य अडवले. त्यातच हिवाळा कडक पडून कालवे गोठले. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, लायडन या शहरांत माणशी शिधा दिवसाला १,००० उष्मांकांखाली गेला आणि १९४५ च्या आरंभी तर तो ५०० च्या आसपास आला. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. २०,००० हून अधिक माणसे दगावली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्नाचा पुरवठा जवळजवळ तत्काळ सुरळीत झाला.

दुष्काळ जगात पुष्कळ पडले. आपल्या मराठवाड्याला व माणदेशाला ते सांगायला नको. हॉलंडच्या उपासमारीचे वेगळेपण असे, की ती केव्हा सुरू झाली व केव्हा संपली हे जवळजवळ तारखेनिशी सांगता येते, शिधा किती मिळाला याची नोंद आहे आणि त्या काळातही रुग्णालये सुरू होती. ॲमस्टरडॅममधील विल्हेल्मिना गास्टहाइस या रुग्णालयात झालेल्या प्रसूतींचे कागद टिकून राहिले, त्यामुळे पुढे तेथे जन्मलेल्या बाळांचा माग काढता आला. भूक, बर्फ आणि शत्रूचा अंमल या तिहेरी संकटात तेथील कोणी कर्मचारी बाळांची वजने नीट लिहून ठेवत होता, हे वाचून प्रस्तुत लेखकाला त्या अनामिकाविषयी जो आदर वाटला, तो येथे नोंदवून ठेवावासा वाटतो.

या नोंदींवरून जे दिसले ते अपेक्षेहून निराळे होते. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आई उपाशी राहिली असेल तर बाळ कमी वजनाचे जन्मले, हे कोणीही सांगेल. परंतु ज्यांची गर्भधारणाच उपासमारीच्या काळात झाली व ज्यांना पुढचे महिने पोटभर अन्न मिळाले, ती बाळे सामान्य वजनाची जन्मली. तराजूच्या दृष्टीने त्यांच्यात काही उणे नव्हते. तरीही मोठेपणी लठ्ठपणा आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळले ते या गटात.

२००८ मध्ये लायडन येथील बास हेमान्स आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एल. एच. लुमे व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातील काही व्यक्तींचे रक्त तपासले. त्या सर्व व्यक्ती साठीच्या आसपास होत्या. तुलनेसाठी त्यांचीच सख्खी, त्याच लिंगाची, पण उपासमारीच्या काळाबाहेर गर्भात वाढलेली भावंडे घेतली होती. म्हणजे आईबाप तेच, घराणे तेच. गर्भाच्या वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावरील मिथिल गट उपासमारीत गर्भधारणा झालेल्यांमध्ये भावंडांपेक्षा कमी आढळले. गर्भारपणाच्या अखेरीस उपाशी राहिलेल्या मातांच्या मुलांत असा फरक सापडला नाही. फरक आकाराने लहान आहे आणि तोच पुढील आजाराचे कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. परंतु आईच्या ताटात काय होते याची खूण साठ वर्षांनी मुलाच्या रक्तात वाचता यावी, आणि तीही मूल पोटात आहे हे बहुधा आईलाही ठाऊक नसेल अशा आठवड्यांतली, ही बाब आमच्या आहार-खर्चाच्या चर्चेत फार महत्त्वाची ठरली.

पुण्याजवळची सहा गावे

हॉलंडची उपासमार काही महिन्यांची होती. आपल्याकडील कमतरता जुनाट आहे आणि तिला उपासमार असे नावही देता येत नाही, कारण पोट भरलेले असते. या कमतरतेचा शोध महाराष्ट्रातच लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. या माता सरासरी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या होत्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आश्चर्य पुढेच होते. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जपलेली. दिसायला हडकुळे आणि आतून मेदयुक्त असे हे बाळ पुढे मधुमेहाच्या वाटेवर लौकर का लागते, याचा धागा तेथे मिळाला.

मातांच्या रक्तातील जीवनसत्त्वांचा हिशेब २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पालेभाजी व कडधान्यांतून मिळणाऱ्या फोलेटची उणीव जवळजवळ कोणालाच नव्हती. ब-१२ मात्र दोनतृतीयांश मातांत कमी होते. वनस्पतींत ब-१२ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते, आणि आपल्या घरांत दूध आधी कर्त्या पुरुषाला, मग मुलांना, आणि उरलेच तर घरच्या लेकीसुनांना अशी वाटणी किती ठिकाणी होते हे वेगळे सांगायला नको. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या मातांत फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्या मुलांत इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला.

याचा आणि मिथिल गटांचा संबंध काय? शरीरातील मिथिल गट हवेतून येत नाहीत, अन्नातून येतात. फोलेटने आणलेला मिथिल गट ब-१२ च्या हाती दिला जातो, तेथून तो मिथायोनिन या घटकाकडे जातो आणि मग डीएनएवर चिकटवण्यासाठी उपलब्ध होतो. मधला ब-१२ नसेल तर फोलेट तो गट धरून तसाच अडकून बसतो. धनादेश लिहिला आहे, खात्यात रक्कमही आहे, पण मधल्या बँकेने तो वटवलाच नाही, अशी ही अवस्था. केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी सर्व साधेल असे आम्हा व्यवस्थापकांना वाटत असते, कारण गोळी स्वस्त असते व मोजता येते. फॉलिक ॲसिड आवश्यक आहेच. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बाळाच्या मणक्याचे व मेंदूचे गंभीर दोष टळतात हे १९९१ मध्येच निर्विवाद सिद्ध झाले आहे, आणि शासनाच्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कोणीही बंद करू नयेत. पण सोबत ब-१२ कडेही पाहिले पाहिजे, एवढाच याचा अर्थ. त्या सहा गावांतील बाळे वयात आल्यावर त्यांनाच २०१२ पासून ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग पुण्याच्या गटाने हाती घेतला. एका रुग्णालयाने एकाच गावकुसातल्या दोन-तीन पिढ्यांची साथ इतकी वर्षे धरून ठेवावी, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट आहे.

मुंबईतील प्रयोगाची कथा थोडी निराळी. तेथील वस्त्यांमध्ये २००६ पासून स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासूनच पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. तुलनेच्या गटाला मिळणाऱ्या खाऊत हे पदार्थ अत्यल्प होते. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्व स्त्रिया एकत्र धरता बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा खाऊ घेतला होता त्यांच्या बाळांचे वजन मात्र सुमारे ५० ग्रॅमने वाढले. गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटात शेकडा १२ च्या आसपास होते, ते खाऊ घेणाऱ्यांत शेकडा ७ च्या आसपास आले. पन्नास ग्रॅम म्हणजे वाटीभर पोहेसुद्धा नव्हेत, हे खरे. आणि ज्या माता मुळातच फार कृश होत्या त्यांच्या बाळांना त्याचा लाभ फारसा झाला नाही, ही खेदाची बाब देखील सांगितली पाहिजे. देणगीदारांपुढे अर्धी बाजू मांडणे योग्य नव्हे.

काय म्हणता येत नाही

या विषयाच्या नावाखाली बाजारात पुष्कळ काही विकले जाऊ लागले आहे. जनुके ‘रीसेट’ करणारी चूर्णे, विशिष्ट ध्वनिफिती ऐकवून बुद्धिमान संतती देण्याची हमी, रक्त न घेता खुणा वाचणारी यंत्रे. अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूह ऐकला ही कथा आपणा सर्वांना प्रिय आहे, परंतु वर सांगितलेल्या संशोधनाचा आधार तिला किंवा तिच्या नावाने होणाऱ्या विक्रीला देता येत नाही. आमच्या आवारात अशा वस्तूंचे फलक लावण्यास परवानगी नाही.

तसेच, गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईबापांकडून आलेल्या बहुतेक खुणा पुसल्या जाऊन नव्याने घातल्या जातात. त्यामुळे आजीने जे भोगले ते नातवाच्या खुणांत जसेच्या तसे उतरते, असे माणसांच्या बाबतीत खात्रीने म्हणता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे असे, की हे शास्त्र आईवर ठपका ठेवण्यासाठी नाही. आमच्या समुपदेशक भगिनींचा अनुभव असा, की ‘आईच्या आहाराचा परिणाम’ हे शब्द उच्चारताच सोबत आलेल्या सासूबाईंची नजर सुनेकडे वळते. हॉलंडच्या मातांनी धान्य अडवलेले नव्हते आणि पुण्याजवळच्या मातांनी आपल्या वाट्याचे दूध स्वतःहून नाकारलेले नव्हते. वडिलांचा वाटाही लहान नाही. तंबाखूच्या धुरामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातील काही जनुकांवरील मिथिल गट घटतात, आणि गर्भवतीने धूम्रपान केल्यास नवजात बाळाच्या नाळेच्या रक्तातही तशा खुणा सापडतात; घरात धूर सोडणारा मात्र बहुधा बाळाचा बाप असतो. सुखाची गोष्ट अशी, की धूम्रपान सोडल्यावर यातील पुष्कळशा खुणा काही वर्षांत पूर्ववत होऊ लागतात.

खुणा पुसता येतात, याचा वैद्यकीय उपयोगही झाला आहे. आमच्या कर्करोग विभागात ज्यांचे आप्त दाखल आहेत, त्यांच्यापैकी काहींनी ॲझासायटिडीन हे नाव औषधचिठ्ठीवर वाचले असेल. १९६० च्या दशकात प्राग येथे तयार झालेले हे रसायन मिथिल गट चिकटवणाऱ्या विकराला अडकवते, हे १९८० मध्ये अमेरिकेत दिसून आले. रक्तपेशी नीट न घडण्याचा जो एमडीएस नावाचा आजार आहे, त्यासाठी अमेरिकेत त्यास २००४ मध्ये मान्यता मिळाली. आज त्याची भारतीय बनावटीची इंजेक्शनेही मिळतात. पेशींना वेसण घालणारी जनुके कर्करोगात काही वेळा मिथिल गटांखाली दडपली जातात, ती या औषधाने पुन्हा बोलती होऊ शकतात. परिणाम दिसण्यास बहुधा काही महिने लागतात, म्हणून पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर नातेवाइकांनी धीर सोडू नये, असे आमचे रक्तविकारतज्ज्ञ आवर्जून सांगतात. मेंदूच्या काही गाठींच्या अहवालात ‘एमजीएमटी मिथायलेशन’ असा उल्लेख असतो, तोही याच खुणांविषयी आहे. ती खूण असल्यास टेमोझोलोमाइड हे औषध अधिक उपयोगी पडते.

आता पुन्हा खर्चाकडे. विश्वस्त मंडळाने सर्व बाजू विचारात घेऊन प्रसूतिपूर्व आहाराचे खाते चालू ठेवण्यास संमती दिली आहे आणि त्यात दोन बदल केले आहेत. पहिली प्रसूती होऊन गेलेल्या व दुसऱ्या अपत्याचा विचार करणाऱ्या, तसेच नवविवाहित भगिनींनाही आहारसल्ल्यासाठी नाव नोंदविता येईल. त्यासाठी गर्भवती असण्याची अट राहणार नाही. नोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिनबरोबर ब-१२ ची तपासणीही केली जाईल आणि ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी ती विनामूल्य असेल. भेटीस येताना पती किंवा सासूबाईंनी सोबत यावे, कारण दूध कोणाच्या पेल्यात जायचे याचा निर्णय बहुतेक घरांत त्यांच्याकडेच असतो.

प्रसूतीच्या नोंदवह्या आजवर ठरावीक मुदतीनंतर निकाली काढल्या जात असत. यापुढे आईचे वजन, रक्तातील आकडे आणि बाळाचे जन्मवजन ज्यात एकत्र लिहिले जाईल ती वही कायमस्वरूपी जतन करण्याच्या वर्गात ठेवण्याचे ठरले आहे. त्यासाठी घेतलेल्या दोन लोखंडी कपाटांचा खर्च सोबतच्या पत्रकात ‘फर्निचर’ या सदराखाली दाखवला आहे.